शुक्रवारचा शेजार

आमच्या खोलीच्या बरोबर खाली यंत्रमाग चालत. नारपोलीत तेव्हा बहुतेक ठिकाणी तसंच होतं, खाली कारखाना आणि वर बिऱ्हाडं. दोन शिफ्ट मिळून दिवसरात्र खडखडाट चाले. फरशीवर अनवाणी उभं राहिलं की तळपायांना मुंग्या येत, आणि मांडणीवरची पितळी भांडी आपोआप सरकत कडेला येत, म्हणून आई रोज सकाळी ती पुन्हा मागे ढकलून ठेवी. त्या आवाजावर आवाज चढवून बोलायची आम्हाला अशी सवय लागली की आज इतक्या वर्षांनी, शांत सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावर, माझी मुलगी मला विचारते, आई, तू फोनवर बोलतेस की भांडतेस? शुक्रवारी मात्र माग बंद असत. त्या सकाळी जाग यायची तीच आवाज नसल्यामुळे. मग नळाचं पाणी, कावळे, खालच्या गल्लीतला पत्त्यांचा डाव, सगळं ऐकू येई, आणि शेजारच्या खोलीतलं बोलणंसुद्धा, कारण मधली भिंत एकाच विटेची होती. शेजारी कसे आहेत हे आम्हाला जे काही कळलं ते शुक्रवारी कळलं.

घरात आम्ही पाच माणसं. अण्णा एका शाळेत कारकून होते. आई कमी बोलायची. अण्णांची थोरली बहीण, आमची आत्या, लहान वयात विधवा होऊन आमच्याकडे आली होती आणि घर खरं म्हणजे तिच्याच ताब्यात होतं. माझ्याहून सात वर्षांनी मोठी सुमनताई, आणि मी, मंदा, तेव्हा आठवीत. गावातली दंगल आणि कर्फ्यू होऊन फार वर्षं झाली नव्हती. त्यानंतर माणसं बोलण्याआधी जरा थांबायला लागली होती. जिन्यात नवीन चप्पल दिसली तरी कोणाची म्हणून चौकशी होई. दूधवाला बदलला तर आई त्याला आधी आडनाव विचारी. आम्ही मुलंही ते शिकलो. वर्गात नवीन मुलगी आली की पहिल्यांदा तिचा डबा बघायचा आणि मग तिच्याशी बोलायचं की नाही ते ठरवायचं.

अशा दिवसांत शेजारची खोली गायकवाडांनी घेतली. नवरा-बायको दोघंच. शांतवन गायकवाड एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, फिटर होते. त्यांची बायको मार्थाबाई, पंचेचाळिशीच्या, ठेंगण्या, मोठ्या आवाजाच्या. मुलगी लग्न होऊन सोलापूरला गेलेली. गाव नगर जिल्ह्यातलं. त्यांचं सामान वर चढत होतं तेव्हा आत्या गॅलरीत उभं राहून एकेक वस्तू बघत होती. आडनाव आपल्यातलं, भाषा आपली, गळ्यात काळी पोतसुद्धा, आणि कपाळ मोकळं. पोतीत वाट्यांच्या जागी बारीकसा क्रूस होता. आत्या आत येऊन म्हणाली, "ख्रिश्चन आहेत. आणि आधी कोण होते ते सांगत नाहीत." खरं तर त्यांना तसं कोणी विचारलंच नव्हतं. हे वाक्य आज लिहिताना मला जितकं टोचतं तितकं तेव्हा टोचलं असतं तर बरं झालं असतं. तेव्हा मीही गॅलरीच्या कठड्याला रेलून, आधी कोण असतील याचा अंदाज करत उभी होते.

त्याच संध्याकाळी मार्थाबाई वाडगा घेऊन आमच्या दारात आल्या. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे होते, लसणाच्या वासाने खोली भरून गेली. "आमच्याकडं करत्यात, खाऊन बघा," म्हणाल्या. आई सवयीने "बसा ना" म्हणाली. आमच्याकडे 'बसा' हे समोरच्याने 'नको, निघते' म्हणावं यासाठी म्हणायचं असे. मार्थाबाई मात्र खरोखरच बसल्या. चांगला अर्धा तास बसल्या. पाणी कधी येतं, चक्की कुठे आहे, मुलीला कसं करमत नाही, सगळं बोलल्या, आणि माझी वेणी सुटली होती ती बोलता बोलता घालून दिली. त्या गेल्यावर आत्याने शेंगोळे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि खाली नेऊन गाईपुढे टाकले. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं म्हणून आईने वाडग्यात साखर भरून दिली. महिनाभरात असं चार-पाच वेळा झालं. मार्थाबाई काहीबाही आणून देत, आम्ही ते खाली टाकत असू, आणि भांडं भरून परत जाई. पुढे पुढे ती गाय आपणहून संध्याकाळी जिन्यापाशी येऊन उभी राहू लागली. मार्थाबाईंना ते दिसत नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी आणणं थांबवलं नाही एवढं खरं.

त्यांचं दार दिवसभर उघडं असे. दारात एक लाकडी बाक, बाकाशेजारी झाकण घातलेला माठ आणि वर पेला. शिफ्ट सुटली की खालचे कामगार घामाने निथळत बाहेर येत. त्यांच्यातला एक म्हातारा विणकर एकदा जिन्याच्या पहिल्या पायरीवरून, वर यायला घाबरत, "बाई, पानी मिलेगा?" म्हणाला. मार्थाबाई आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, "उधर से क्या पूछता, ऊपर आके बैठो ना." त्यानंतर रोज कोणी ना कोणी बाकावर बसून पाणी पिऊन जाई. उत्तरेकडचे मुसलमान, तेलुगू बोलणारे पद्मसाळी विणकर, कोणीही. आमच्या गॅलरीत हे पूर्वी कधी झालं नव्हतं. पलीकडच्या टोकाला दांडेकरकाका राहत, ते विमा कंपनीत होते आणि गॅलरीतल्या चारही बिऱ्हाडांच्या वतीने विचार करत. ते अण्णांना म्हणाले, "आधी पाणी, मग चहा, मग पुस्तक. यांची पद्धत ठरलेली असते." अण्णांनी मान हलवली. मग आम्ही सगळे ते पुस्तक कधी बाहेर येतं याची वाट बघू लागलो. ते बाहेर आलं नाही, तसा आमचा संशय वाढत गेला. त्यातून शुक्रवारी त्यांच्याकडे चार-पाच माणसं जमत आणि पेटीवर गाणी म्हणत. भिंतीला लागून बसलेली आत्या जप करता करता थांबून ऐके. एकदा म्हणाली, "चाल आपली आहे. शब्द तेवढे बदलले." एखाद्याने आपलं लुगडं नेसून यावं तशी ती संतापली होती.

आता ताईबद्दल सांगायला हवं, आणि ते सांगणं मी लांबवत आले आहे. ताई सोळा वर्षांची असताना तिच्या बोटांवर आणि ओठांच्या कडेला पांढरे डाग उठले. कोड. हा शब्द घरात कोणी उच्चारत नसे. ठाण्याच्या डॉक्टरांनी अण्णांना स्पष्ट सांगितलं होतं की हे लागत नाही, पसरलं तरी दुसऱ्याला होत नाही. अण्णांनी घरी येऊन ते आम्हाला सांगितलं, आणि काहीही बदललं नाही. ताईचं ताट-वाटी वेगळी झाली होती ती वेगळीच राहिली. तिचा साबण वेगळा, टॉवेल वेगळा. कणकेला, भाजीला, ओल्या कशालाही तिने हात लावायचा नाही, असं कोणी कधी तिला सांगितलं नव्हतं; आत्या परात उचलून दुसरीकडे नेई, एवढंच. ताई कोवळ्या उन्हात गच्चीवर बावचीचं तेल लावून बसे, मग खाली येऊन साड्यांना फॉल लावी, लांब बाह्यांचे ब्लाउज घाली. दोन ठिकाणी लग्नाची बोलणी होऊन मोडली. आणि मी? मी पूर्वी ताईच्या अंथरुणात तिच्या कुशीत झोपत असे. डाग उठल्यावर एक दिवस मीच माझी उशी उचलून आत्याजवळ नेऊन ठेवली. ताईने विचारलं नाही. मीही काही सांगितलं नाही. या घरात संशय बाहेरच्यांवरच होता असं नाही.

एका शुक्रवारी दुपारी आत्या पोथी वाचता वाचता मध्येच थांबली आणि तिने नाक वर केलं. शेजारून बिरड्याचा वास येत होता. वालाचं बिरडं ठाण्याकडे घरोघरी होतं, पण नगरच्या बाईला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. मार्थाबाईंनी वाल पहिल्यांदा पाहिले तेव्हा हे कुठलं कडधान्य असं आईलाच विचारलं होतं. आणि हा वास नुसत्या बिरड्याचा नव्हता. आत्या बिरड्याला ओव्याची फोडणी देई. आमच्या ओळखीत दुसरं कोणी तशी देत नसे. आत्याने हळूच विचारलं, "सुमन कुठे आहे?" ताई गच्चीवर वाळवणं राखायला गेली होती. म्हणजे तसं सांगून गेली होती. आईने गच्चीवर जाऊन पाहिलं आणि उतरलेल्या चेहऱ्याने परत आली. आत्याने रिकामी वाटी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, चमचाभर जिरं मागून आण, आणि नीट बघून ये.

गायकवाडांचं दार उघडंच होतं. ताई स्टोव्हसमोर पाटावर बसली होती. ब्लाउजच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या. तिचे हात इतक्या उजेडात मी दोन-तीन वर्षांत पाहिले नव्हते. डाग मनगटाच्या वर चढले होते. तिच्याजवळ सोललेल्या वालाच्या सालांचा ढीग होता, म्हणजे सकाळपासून दोघी सोलत बसल्या असणार. मार्थाबाई तिला म्हणत होत्या, "आता गूळ कधी टाकायचा ते सांग, मी विसरते बघ." ताई सांगत होती, चक्क रुबाबात, चुकलं तर रागावतही होती. तिचा तो आवाज मी विसरून गेले होते. मला पाहिल्यावर ती एकदम गप्प झाली, पण मार्थाबाईंनी "ये, बरी वेळेवर आलीस" म्हणून मला ओढून बसवलं. शांतवनकाकाही येऊन बसले आणि त्या तिघांनी एकच परात मध्ये घेतली. भाकरी ताईने थापलेल्या, बिरडं ताईने केलेलं. खाण्याआधी शांतवनकाकांनी डोळे मिटून हात जोडले आणि हळू आवाजात जेवणाबद्दल देवाचे आभार मानले, शेवटी म्हणाले, "आणि ज्या हातांनी हे रांधलं त्या हातांना आशीर्वाद दे." मार्थाबाईंनी ताईच्या त्या हातांवर आपला हात ठेवला होता. ताईचेही डोळे मिटलेले होते आणि मिटल्या पापण्यांतून पाणी येत होतं. मग सगळे जेवायला लागले. मार्थाबाईंनी मला घास पुढे केला. मी शाळेचं काहीतरी कारण सांगून उठले आणि जिरं न घेताच घरी आले.

घरी मी काय सांगितलं ते मला शब्दशः आठवतं, कारण मी ते नंतर फार वेळा मनाशी म्हटलं आहे. मी म्हणाले, "ताई त्यांच्यात बसून डोळे मिटून प्रार्थना करत होती. मार्थाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला होता, आणि काका काहीतरी म्हणत होते. ताई रडत होती." यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. स्वयंपाक ताईने केला हे मी सांगितलं नाही. ते तिच्या हातचं तिच्याबरोबर एका परातीत जेवत होते हेही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? आज वाटतं, ते सांगितलं असतं तर आम्ही सगळे एकमेकांकडे बघू शकलो नसतो, आणि हे चौदा वर्षांच्या मुलीलासुद्धा कळत होतं.

पुढचं दांडेकरकाकांनी केलं. त्यांनी घरमालकाच्या नावाने पत्र लिहिलं: गायकवाड कुटुंब धर्मांतराचा उद्योग करते, परके लोक गॅलरीत बसवते, बिल्डिंगमधील मुलींना नादी लावते, तरी खोली खाली करून घ्यावी. सगळ्यांनी सह्या केल्या. अण्णांनी सही करायला दोन दिवस लावले. त्यांची अट एकच होती, पत्रात सुमनचं नाव येता कामा नये, नाहीतर लोक चौकशी करतील आणि नको ते बाहेर पडेल. ताईशी त्या दिवसांत कोणी बोलत नव्हतं आणि तिला दाराबाहेर जायची बंदी होती. ती भिंतीकडे तोंड करून फॉल लावत बसे. पलीकडून मार्थाबाई दोनदा आल्या. आईने दार अर्धंच उघडलं आणि सुमनला बरं नाही असं सांगितलं. दुसऱ्या वेळी मार्थाबाईंनी विचारलं की माझ्याकडून काही चुकलं का, आणि आईने दार लावून घेतलं.

घरमालक जनूशेठ अंजूरचे. खाडीकाठी त्यांची शेती होती आणि गावात दोन-तीन इमारती. पुढच्या शुक्रवारी सकाळी, सगळे कामाला निघायच्या आधीच, ते आले, गॅलरीत मधोमध खुर्ची टाकून बसले आणि पत्र दांडेकरकाकांकडूनच वाचून घेतलं. सगळी बिऱ्हाडं दारात. गायकवाड नवरा-बायको आपल्या दारात उभे. आवाज कशाचाच नव्हता, त्यामुळे पत्रातला शब्द न् शब्द सगळ्यांना ऐकू गेला. जनूशेठ म्हणाले, "मना यांचा काय तरास न्हाय. पन तुमी समद्यांनी सही केली हाय, त काय झाला त मना सांगा. कोनला नादी लावला?" दांडेकरकाकांनी अण्णांकडे पाहिलं, अण्णांनी जमिनीकडे. "कोनी बगितला?" जनूशेठनी पुन्हा विचारलं. तेव्हा आत्याने मला पाठीला हात लावून पुढे केलं.

मी घरी सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमाने, फक्त 'ताई' म्हणायच्या ऐवजी 'एक मुलगी' म्हणाले, कारण अण्णांनी तसं बजावलं होतं. बोलताना मी मार्थाबाईंकडे बघत नव्हते, पण त्या माझ्याकडे बघत होत्या हे कळत होतं. त्यांना सगळं ठाऊक होतं. त्या एका वाक्यात मला खोटं पाडू शकल्या असत्या. शांतवनकाका काही बोलायला गेले तर त्यांनी नवऱ्याचा दंड धरला. आमच्या घरातली गोष्ट त्यांनी आपल्या तोंडून बाहेर पडू दिली नाही, खोली जायची वेळ आली तरी.

मग आमच्या दारातून ताई बाहेर आली. तिने बाह्या वर केल्या होत्या. आईने तिचा पदर धरला, तो तिने हळूच सोडवून घेतला. ती जनूशेठसमोर उभी राहिली आणि दोन्ही हात पुढे धरले. "ती मुलगी मी. त्या दिवशी यांच्याकडे मी स्वयंपाक केला आणि या दोघांनी माझ्याबरोबर एका परातीत बसून खाल्ला. मी रडले ते त्यामुळे. दुसरं काही झालं नाही." मग ती अण्णांकडे वळली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "अण्णा, घरी माझ्या हातचं पाणी शेवटचं कोण प्यायलंय, सांगाल?"

अण्णा कठड्याकडे वळून उभे राहिले. दांडेकरकाकूंनी आपल्या मुलाला जरासं मागे ओढलं, ते मी पाहिलं, आणि ते ताईनेही पाहिलं. जनूशेठ बराच वेळ तिच्या हातांकडे बघत बसले. त्यांनी पत्राची चौकोनी घडी करून खिशात घातली, उठले, आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "मी बगतंय काय ते." ते पत्र पुन्हा कोणाला दिसलं नाही, आणि त्या विषयावर ते कधी बोललेही नाहीत.

त्या दुपारी आमच्याकडे चूल उशिरा पेटली. आईने कणकेची परात काढली, पीठ घातलं, आणि ती परात उचलून ताईच्या पुढ्यात ठेवली. मग डोळे पुसत तवा शोधायला गेली. अण्णा जेवले, मान खाली घालून, पाच पोळ्या जेवले. त्यांचा आहार तीन पोळ्यांचा होता. मी जेवले. आत्याने मात्र तिला एकादशी आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला पित्त झालं, तिसऱ्या दिवशी आणखी काही. आठ दिवस ती दूध-केळ्यावर राहिली आणि मग एकदा कोणी बघत नाही असं पाहून तिने पोळी खाल्ली.

माझ्याशी ताई नीटच वागत होती, त्यामुळे मला घरात उभं राहवेना. एक दिवस शाळेतून येताना मी त्या बाकावर जाऊन बसले. मार्थाबाई कपडे वाळत घालत होत्या. मला माफी मागायची होती, पण तोंडातून निघालं वेगळंच. मी विचारलं, "तुम्ही ताईला तुमच्या धर्मात घ्यायचं म्हणूनच हे सगळं करता ना?" त्यांनी हातातला कपडा पिळला, झटकला, दोरीवर टाकला.

"माझा येशू तिला कळावा असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "तुलाबी कळावा असं वाटतं. खोटं कशाला बोलू? मला जे मिळालं ते दुसऱ्याला मिळावं असं वाटणारच की. पण पोरी, त्यासाठी नाही मी तिच्या हातचं खाल्लं. भूक लागली हुती आणि बिरडं लई चांगलं झालं हुतं."

"आणि ती नाही आली तुमच्यात तर?"

"तर काय, उद्या वाल भिजत घालीन. तिला म्हणावं, गुळाचं मी पुन्हा विसरले."

या उत्तराने माझं समाधान झालं असं म्हणता येणार नाही. त्यांनी 'छे, तसं काही नाही' म्हटलं असतं तर मी त्यांना खोटारडं ठरवून मोकळी झाले असते. त्यांनी कबूल करून टाकलं, आणि मग मला त्यांच्यावर कशाबद्दल रागवायचं तेच कळेना. माफी मागायची ती राहिलीच. वर्षभराने शांतवनकाकांचा कारखाना कल्याणला हलला आणि ते दोघं तिकडे गेले. जाताना मार्थाबाईंनी बाक मागेच ठेवला. दांडेकरकाका त्यावर बसून पेपर वाचू लागले.

ताई कल्याणला त्यांच्याकडे जात राहिली. कोणी तिला अडवलं नाही. अडवायचं तोंड आम्हाला नव्हतं. तिने बालवाडीचा कोर्स केला, सोलापूरला नोकरी धरली, आणि तिशी जवळ आली तेव्हा एक पत्र पाठवलं की मी बाप्तिस्मा घेतला आहे, स्वतःच्या मनाने, पाच वर्षं विचार करून. अण्णांनी ते पत्र दोनदा वाचलं. आत्या म्हणाली, "बघा, मी म्हणत नव्हते?" आणि तिचं म्हणणं एका परीने खरंच ठरलं होतं. मी तोवर लग्न होऊन डोंबिवलीला आले होते. मी माझ्या देवांत आहे, तिथेच राहीन, आणि कोणी विनाकारण चांगलं वागायला लागलं की माझ्या मनात अजूनही आधी पाल चुकचुकते. ही सवय मला गेलेली नाही. ताईच्या पत्रानंतर मला मार्थाबाईंचा पुन्हा एकदा राग आला होता हेही लिहून ठेवते. तो किती दिवस टिकला ते सांगता येत नाही, कारण पुढच्याच वर्षी आत्या मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळली.

आईला एकटीला तिचं करणं झेपेना. माझं मूल तान्हं होतं. ताई रजा काढून आली आणि चार महिने राहिली. आत्याचं न्हाणं, अंग पुसणं, भरवणं सगळं तिने केलं. आत्या प्रत्येक घासाला विचारी, "यात काय घातलंस?" आणि ताई न चिडता सांगे, "मीठ." मी अधूनमधून बाळाला घेऊन जाई. अशीच एका शुक्रवारी दुपारी गेले होते. माग बंद होते. मी आत बाळाला झोपवत होते आणि बाहेरच्या खोलीतलं सगळं ऐकू येत होतं. आत्याला कित्येक दिवस दुखण्यामुळे झोप नव्हती. तिने ताईला विचारलं, "तू तुझ्या देवाला माझ्याबद्दल काही सांगतेस का?"

"रोज सांगते," ताई म्हणाली.

"मला न विचारता?"

ताईने तिच्या डोक्याखालची उशी सरळ केली.

"मला तुमच्यात घे म्हणून सांगतेस?"

"नाही. तुम्हाला झोप लागू दे, एवढंच सांगते."

मला वाटलं, आता आत्या ताईला हाकलून देणार. मग पलंग करकरला, तिने कुशीवर वळायचा प्रयत्न केला असणार, आणि तिचा तो जुना, संशयी, तुटक आवाज आला.

"मग आज जरा लवकर सांग."